भिंतीला टेकवलेली माणसं

ता. ९ फेब्रुवारी

चि. भाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

नाही, अजून संपलं नाही. आणि दर पत्रात तेच विचारलंत म्हणून लवकर संपेल असंही नाही. शाळेत मास्तर होतात तेव्हा पेपर लिहिणाऱ्या पोरांना ‘झालं का, झालं का’ करून हैराण करायचात, ती खोड पेन्शनीतसुद्धा गेलेली दिसत नाही.

मी शब्द दिलाय तो दिलाय. दफनभूमीचं काम पुरं झालं की घराला कुलूप लावते आणि तुमच्याकडे कायमची राहायला येते. धाकटीला, माझ्या जावेला, सांगा, खोलीला रंग दिलास ते झकास केलंस, पण रंग नीट वाळू दे. ओल्या रंगाच्या वासानं माझं डोकं चढतं.

आता इथलं ऐका. तुमच्या दादांनी अठ्ठेचाळीस वर्षं ती जागा राखली. हे गेल्यावर चार वर्षं तिथं कुणी फिरकलं नाही. दफनभूमीच्या कार्यालयानं केलं काय, तर गवत कापायच्या यंत्राला आडवे येतात म्हणून पडलेले सगळे दगड उचलून भिंतीला टेकवून ठेवले. बेचाळीस दगड. कोण कुठला, पत्ता नाही. तुम्ही गृहपाठ न करणाऱ्या पोरांना भिंतीशी उभं करायचात ना, तशी बेचाळीस माणसं उभी. वर रान आत घुसलेलं, वेलींनी झाडांचे गळे धरलेले.

आम्ही दर रविवारी नऊजण जमतो. पुढारी आहे एक रिटायर झालेला बस कंडक्टर. मी त्याला तोंडावरसुद्धा कंडक्टरच म्हणते. माणसांना ओळीत लावायची त्याची हौस फिटलेली नाही. जिवंत माणसं ऐकेनात म्हणून त्यानं मेलेल्यांना धरलंय, असं मी म्हटलं तर आमच्यातली शिंपीणबाई इतकी हसली की हातातली कात्री गवतात पडली आणि सगळे अर्धा तास ती शोधत बसले. रान साफ करणं तिच्याकडे आहे. वेल वरून ओढायची नाही, बुंध्याशी कापायची आणि वर तशीच सुकू द्यायची, नाहीतर झाडाची साल सोलून निघते. टाका उसवावा तसं काम करते बाई.

माझ्याकडे दगड धुणं. पहिल्या दिवशी मी घरून तारेची घासणी घेऊन गेले, तर आमच्यातला पाथरवट अंगावरच आला. म्हणाला, आजी, हे पातेलं नव्हे, अशानं नाव पुसून जाईल. नुसतं पाणी आणि मऊ ब्रश, खालून वर, साबणसुद्धा नाही. घासणी मी लगेच पिशवीत टाकली. पण आजी म्हणाला ते लक्षात ठेवलंय. त्याचे केस माझ्याहून पांढरे आहेत.

दगडांच्या जागा सापडतात त्या ह्यांच्या वहीवरून. प्रत्येक माणसाची ओळ आणि जागा ह्यांनी लिहून ठेवलीय. ओळ चौथी, विहिरीकडून सातवी, अशी. कंडक्टर वही घेऊन फाटकापासून ओळी मोजत जातो, पाथरवट खड्डा घेतो आणि दगड उभा राहतो. सोळा झाले.

लोभ असू द्या, आणि त्यातला थोडा धाकटीच्याही वाट्याला येऊ द्या.

तुमची
वहिनी


ता. १७ फेब्रुवारी

ती. स्व. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मी मोठ्यानं वाचत होतो. तारेच्या घासणीपाशी हिला असा ठसका लागला की पाठ थोपटावी लागली. पोरांना भिंतीशी उभं करण्याचा आरोप मात्र मला मान्य नाही. मी त्यांना बाकावर उभं करायचो.

वहिनी, थट्टा बाजूला. तुझं वय एकाहत्तर, गुडघे तुझे असे, आणि थंडीत तू ओल्या गवतात बसून दगड धुतेस. गेल्या महिन्यात विहिरीपाशी घसरलीस, ते आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं, तेही तू विनोद म्हणून लिहिलंस तेव्हा. दादा गेल्यावर तुला लगेच घेऊन यायला हवं होतं. चार वर्षं तुला एकटीला ठेवलं, ही गोष्ट मला रोज टोचते. मला सायकल तू शिकवलीस, दादाच्या नकळत फीचे पैसे तू भरलेस. आता थोडं आम्हालाही करू दे.

रंग वाळला. पलंग बुटका घेतलाय, खिडकीशी लावलाय. हिनं स्वतःचं शिवणयंत्र व्हरांड्यात हलवलं.

सोळा झाले म्हणजे सव्वीस राहिले. आठवड्याला चार धरले तरी सात आठवड्यांत संपतं. मी कॅलेंडरवर एप्रिलच्या पहिल्या आठवड्याला गोल केलाय. गाडी घेऊन मीच येतो.

तब्येत सांभाळ. आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा
भाऊजी


ता. ८ मार्च

चि. भाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

तुमचं सात आठवड्यांचं गणित कोलमडलं. कॅलेंडरवरचा गोल खोडून टाका. खोडरबर नसेल तर धाकटीकडे मागा, तिला तुमच्या चुका खोडायची सवय आहे.

झालं असं. परवाच्या रविवारी एक बाई आली, लांबून, दोन गाड्या बदलून. तिचे वडील घड्याळजी होते. आम्ही दगड लावतोय हे तिला कुठूनतरी कळलं होतं. हातात फुलं आणि एक जुना फोटो. फोटोत ती सात-आठ वर्षांची, वडिलांच्या दगडाला टेकून उभी, आणि मागं एवढं मोठं झाड की तिच्या फ्रॉकवर त्याची सावली पडलेली. कंडक्टरनं तिला मोठ्या कौतुकानं नेलं. घड्याळजीचा दगड आम्ही दुसऱ्या ओळीत लावलाय, फाटकापासून हाकेवर. तिथं झाड सोडा, झुडूपही नाही.

बाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती फोटोकडे बघत राहिली, दगडाकडे बघत राहिली, आणि मग कंडक्टरला हळूच विचारलं की मग मी फुलं ठेवू कुठं. भाऊजी, तीस वर्षं बसमध्ये ओरडलेला माणूस, नुसती वहीची पानं उलटत राहिला. शेवटी तिनं फुलं विहिरीच्या कठड्यावर ठेवली आणि गेली.

आता एकतीस दगड उभे आहेत आणि त्यातला एक तरी आपल्या माणसावर आहे की नाही, कुणाला ठाऊक नाही. पाथरवटानं हत्यारं पिशवीत भरली आणि दोन रविवार येणार नाही म्हणाला. शिंपीणबाई म्हणाली, मापच चुकलं असेल तर सगळं उसवावं लागणार. कंडक्टरनं प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारलं. मलाही विचारलं की तुमचे हे ओळी कशा मोजायचे. मी म्हटलं, मी डबा पोचवायची, ओळी नाही.

तुम्हाला काही आठवतं का, असं त्यानं विचारायला सांगितलंय. मी निरोप पोचवते. घाई काही नाही.

रान मात्र छान आहे. वेली वर सुकल्या, त्यांची पानं झडली, तसा खाली उजेड पडला. जिथं नुसता काळोख आणि चिखल होता तिथं बोटभर रोपं वर आलीत. शिंपीणबाई त्यांच्याभोवती काटक्या रोवते, म्हणजे आम्ही तुडवायला नको. पहिल्याच दिवशी मी एक तुडवलं. तिनं बघितलं नाही.

गुडघे आहेत तसे आहेत. तुमचेही असतील. कधी विचारलं नाही, कारण तुम्ही सांगायला लागलात की थांबत नाही.

लोभ आहेच. तो असाच लांबून लांबून वाढवा.

तुमची
वहिनी


ता. १५ मार्च

ती. स्व. वहिनीस,
सा. न. वि. वि.

त्या बाईचं वाचून वाईट वाटलं. पण मला उत्तर माहीत आहे, आणि ते फार सोपं आहे.

दादा फाटकातून कधी आत गेलाच नाही. घर मागच्या गल्लीत, म्हणून तो रानातून जायचा आणि पडक्या भिंतीवरून उतरायचा. त्याची पहिली ओळ म्हणजे रानाकडची, मोठ्या झाडांखालची. सुट्टीत मी त्याच्याबरोबर जायचो तेव्हा तो मला पहिल्या ओळीत बसवून पाढे म्हणायला लावायचा. बाराचा पाढा येईपर्यंत सावलीतून उठू द्यायचा नाही. एकूण ओळी अकरा. फाटकापासून मोजल्या तर सगळ्या उलट्या, फक्त सहावी बरोबर. तुमच्या घड्याळजींना रानाकडून दुसऱ्या ओळीत न्या, झाड सापडेल. हे पत्र कंडक्टरना वाचून दाखव.

आता तुला एक विचारतो, रागावू नकोस. अठ्ठेचाळीस वर्षं रोज दुपारी तू त्याच वाटेनं डबा घेऊन गेलीस. ओळींची नावं तुझ्या तोंडात असायची. मला आठवतं, तू घरी येऊन सांगायचीस की आज हे तिसऱ्या ओळीत पाचोळा झाडत होते. मग हे तुला कसं आठवलं नाही? ही म्हणते, वहिनींना विस्मरण होऊ लागलं असेल. काल रात्री आम्ही दोघं यावरच बोलत होतो. इथं एक चांगले डॉक्टर आहेत. एप्रिलची वाट बघत नाही, पुढच्या शनिवारी तुला न्यायला येतो. दगड लावायला बाकीचे आठजण आहेत.

काळजी करू नकोस. आम्ही आहोत.

तुझा
भाऊजी


ता. १९ मार्च

चि. भाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र काल सकाळी आलं. तसाच कंडक्टरला निरोप धाडला, त्यानं सगळ्यांना गोळा केलं, रविवार नसतानाही. मी विहिरीपाशी उभी राहून पत्र वाचलं, माझं विस्मरण आणि तुमचे डॉक्टर यायच्या आधी थांबले. तुम्हाला आता इथं फार मान आहे. बाराच्या पाढ्यालाही.

वाचून झालं. मग कंडक्टर एकटाच रानाच्या टोकापर्यंत गेला, वळला, आणि तिथून मोठ्यानं मोजत आला. दुसऱ्या ओळीत, विहिरीकडून पाचव्या जागी, पाथरवटानं पाचोळा सारला आणि हातानं माती उकरली. खाली दगडाचा तुटका बुंधा निघाला. घड्याळजीचा दगड आम्ही चौघांनी ओढत आणून त्यावर टेकवला, तर मोडलेला दात हिरडीत बसावा तसा बसला. मागं ते झाड. शिंपीणबाईनं डोळे पुसले आणि मग मलाच म्हणाली, रडताय काय.

चार दगड सहाव्या ओळीत आहेत, ते वाचले. घड्याळजी धरून सत्तावीस उपसायचे. पाथरवटानं सिमेंट न वापरता चुना वापरला होता म्हणून ते न फुटता निघतात. त्या बाईला कंडक्टरनं पत्र लिहिलंय. मी बघितलं, पानभर नुसती माफी आहे. ती येतेय पुढच्या महिन्यात.

आणि मग कंडक्टरनं ह्यांची वही काढली. म्हणाला, नवा नकाशा काढू, ओळी कुठून मोजायच्या ते पहिल्या पानावर लिहू, आणि वही ह्यापुढं आजींकडे राहील, कारण ही जागा त्यांच्याएवढी कुणाला माहीत नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वही घेतली नाही. हात ओले आहेत म्हटलं.

हात कोरडे होते.

शनिवारी येऊ नका. डॉक्टरकडे धाकटीच्या पाठदुखीचं काय ते बघा. तुम्हा दोघांची माया मला पुरून उरते, ती कमी करू नका.

तुमची
वहिनी

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, फोडलं. माझं डोकं ठणठणीत आहे. पहिला दगड फाटकाशी उभा केला त्याच रविवारी मला कळलं होतं की चुकीच्या टोकाला लावतायत. तोंड उघडलं असतं तर काम एप्रिलपर्यंत उरकलं असतं. चुकीचे लागले तर परत उपसायला लागतील, परत लावायला लागतील, वर्ष निघून जाईल, असा विचार करून मी गप्प बसले आणि दगड धूत राहिले. त्या बाईच्या हातातली फुलं बघितली तरी गप्प बसले. आज दुपारी कंडक्टरला हे सांगणार आहे, वहीला हात लावण्याआधी. त्यानं हाकललं तरी मागच्या भिंतीवरून रानात जाईन, रोपांना पाणी घालीन. तुमच्या घरात काही कमी नाही, तुमच्यातही नाही. पण मला तुमच्याकडे राहायला यायचं नाही, भाऊजी, आणि शब्द दिला तेव्हाही यायचं नव्हतं.