चार रांजण, तीन गोधड्या

॥ श्री ॥

नाशिक रोड,
दि. २० ऑक्टोबर २०२४

चि. हर्षालीस,
आजीचे अ. उ. आ.

अक्षर तुझ्या बापाचं आहे, पण तोंड माझं आहे, हे आधी ध्यानात घे. तू मळ्यावर वाइन करायला गेलीस तेव्हापासून, दोन वर्षं झाली, सोमनाथ तुझ्याशी बोलत नाही. पण आईने पत्र सांगायला घेतलं तर लिहून द्यायला त्याला नाही म्हणता येत नाही, कारण मला अक्षर येत नाही. घरात फोन आहे की. पण फोन माझी मी धरू शकते, पत्राला दुसऱ्याचा हात लागतो. हे सांगताना त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हटलं, तेही लिही.

इकडे सगळं ठीक. तुझी आई बरी आहे. नोट प्रेसमधून रिटायर झाल्यापासून सोमनाथ, म्हणजे तुझे नाना, घरातल्या वस्तू तपासतात. काल भाजीवाल्याची मेथी उजेडात धरून बघत होते. तो बिचारा जुडी सोडून गेला.

परवा मळ्यावरचा पुंजा बाजाराला आला होता. घाबरलेला दिसला. म्हणाला, मावशी, तुमच्या नातीने नवरात्रात मळ्यामागे गाईची चाळीस शिंगं पुरली, शेण भरून. वाडीत करणी केल्याचं बोलतात. मी त्याला समजावलं की ते खत आहे. पाच-सहा महिन्यांनी शिंगं उकरायची, आतलं चिमूटभर पाण्यात टाकून तासभर ढवळायचं आणि वेलांना शिंपायचं. कोणी सांगितलं म्हणे. म्हटलं, कोणा परदेशातल्या साहेबाने. तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

चंद्र बघून छाटणी करतेस तेही समजलं. अगं, आम्ही जन्मभर अवसेला औत धरलं नाही तर आम्हाला अडाणी म्हणाले. तेच तू पुस्तकातून शिकलीस तर तुला सर्टिफिकेट मिळालं.

आता कामाचं. हे सोमनाथचं म्हणणं आहे, मी फक्त सांगते आणि तोच लिहितो. दोन वर्षं तुझ्या वाइनचा शिरका झाला. तुझ्या आजोबांनी, आबांनी लावलेले गुलाबी द्राक्षाचे वेल पन्नास वर्षांचे झाले, माल तिसऱ्या हिश्शावर आला. यंदाही आंबट झालं तर गुढीपाडव्याला जेसीबी येणार. वेल जातील, ते ज्यांच्यावर चढवलेत ते पांगारे जातील आणि जागा टोमॅटोवाल्याला जाईल. जेसीबीवाल्याला त्याने आत्ताच सांगून ठेवलं आहे. जमीन त्याच्या नावावर आहे, मीच अंगठा दिला होता. त्यामुळे मला त्याला अडवता यायचं नाही.

तेव्हा पोरी, यंदा शिरका करू नकोस. गेल्या वर्षीच्या दोन बाटल्या मी कांद्याच्या कोशिंबिरीत घातल्या, झक्क लागल्या. पण कोशिंबिरीसाठी आबांचे वेल कशाला पाहिजेत?

डोंगरावर थंडी लवकर येते. कान बांधत जा. इकडची माया तुझ्यापाशी पोचती धरावी.

तुझी आजी,
सगुणाबाई
(अंगठा)


डोंगरावरचा मळा, ता. सिन्नर,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून दाखवणाऱ्यांनाही नमस्कार. ते बोलत नसले तरी मी नमस्कार बंद केलेला नाही.

उत्तराला उशीर झाला, कारण तोडणी चालू होती. ती आठवड्यापूर्वी संपली. घड लहान, मणी घट्ट, साल जाड. पुंजाकाका म्हणाले, असा वास आबांच्या वेळेला यायचा, द्राक्षं बांधलेल्या धोतराला. उंचावर वारा असतो म्हणून यंदा भुरीची बुरशीसुद्धा आली नाही. आम्ही पायाने तुडवून चार रांजण भरले. बाहेरचं काही घातलं नाही. द्राक्षाच्या सालीवर जे असतं त्यानेच आंबायचं, हा माझा नियम आहे. नानांना सांग, दारू गाळतात आणि वाइन आंबवतात. हे मी तिसऱ्यांदा कळवते आहे.

चार दिवस रांजण छान उकळल्यासारखे बुडबुडत होते. मग थंडीची लाट आली. पहाटे घागरीतलं पाणी हाताला चावतं. परवापासून चारही रांजण गप्प आहेत. दोन्ही वर्षं इथेच घात झाला होता. आंबणं अर्ध्यात थांबलं की पुढे शिरकाच होतो. हीटर लावावा तर दिवसातून चारदा वीज जाते. मी नुसती रांजणांकडे बघत बसले आहे.

आजी, एक गोष्ट मागच्या बाजूला लिहिते. विहिरीपासूनच्या तिसऱ्या पांगाऱ्यावर, वेल बाजूला केल्यावर, कोयत्याच्या आडव्या खुणा दिसल्या. आठ आहेत. पहिली माझ्या छातीशी, शेवटची माझ्या डोक्याच्या वर. खोड वाढलं तशा रुंद होत गेल्या आहेत. मला वाटलं कसली तरी मोजणी असेल. पुंजाकाका म्हणाले, दरवर्षी छाटणी झाली की आबा नानांना या झाडाला उभे करून उंची मोजायचे. नानांना प्रेसमध्ये नोकरी लागली त्या वर्षी थांबले.

जेसीबी आला तर हे झाड कोणतं ते मी त्याला सांगणार नाही. नाना, एवढं आजीला वाचून दाखवा.

तुमच्या दोघांच्या मायेची वाट बघणारी,
हर्षाली


नाशिक रोड,
दि. १४ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षालीस,
आजीचे अ. उ. आ.

ह्या खेपेला अक्षर समोरच्या वत्सलाबाईंचं हाय. सोमनाथ दुधाला गेलाय. पाकीट चिकटवून त्याच्याच हाती देणार हाय, म्हणजे पोस्टात तरी गहाळ व्हायचं नाय.

मला वाचता येत नाय, पण कागदाला दोन बाजू असतात एवढं समजतं. तुझं पत्र त्यानं एक बाजू वाचली आणि त्याला खोकला आला. म्हटलं, मागं काय लिहिलंय. म्हणाला, नमस्कार. एवढा लांब नमस्कार असतो का गं? मग तो घड्या घालत बसला आणि पत्र शर्टाच्या खिशात ठेवून दिलं. शर्ट धुवायला टाकला तवा मी ते काढलं. वत्सलाबाईंनी मागची बाजू वाचून दाखवली.

मला त्या खुणा काय नव्या हायेत? आबा कोयता धरायचे आणि सोमाच्या डोक्यावर आडवी पाटी मी धरायचे. तो लबाड टाचा उचलायचा. मी पाटी दाबून त्याला खाली बसवायचे. त्या आठातली एक खूण अजून खोटी हाय, पण कोणती ते मी सांगणार नाय.

आता तुझ्या रांजणांचं. चंद्र बघतेस, शिंगं पुरतेस, आणि थंडीत दही लागत नाय तवा आजी भांड्याला काय करते ते विसरलीस? गोधडीत गुंडाळ बाई. तोंड मोकळं ठेव, पोट झाक. माझ्या जुन्या लुगड्यांच्या तीन गोधड्या पाठवतेय. चौथ्या रांजणाचं तुझं तू बघ.

सोमनाथ म्हणाला, कुरिअरनं पाठवू. म्हटलं, माझी लुगडी कुरिअरनं जायची नाय. तेव्हा तोच घेऊन येतोय. गोधड्या टाकून संध्याकाळच्या एसटीनं परत फिरणार, असं मला तीनदा बजावलंय. तू त्याच्याशी वाद घालू नको. खुणांचं तर नावच काढू नको. त्याच्या हाताला काम दे. तपासायला काही दिलं की तो जागचा हलत नाय, चाळीस वर्षांची सवय हाय.

गोधड्यांचं गाठोडं त्याच्यासमोरच सोड. आत काय हाय ते कळेल. सुनेला ठाऊक हाय, फक्त त्यालाच ठाऊक नाय.

दूध आलं वाटतं. इथंच थांबते, माझा हात तुझ्या पाठीवर समज.

आजी
(अंगठा)


डोंगरावरचा मळा,
दि. ३१ मार्च २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

वत्सलाबाईंनी हे पत्र वाचून दाखवावे. पूर्ण वाचावे, दोन्ही बाजू.

तुला पत्र लिहिण्याची माझी ही पहिलीच वेळ. आजवर तुझीच लिहिली. मी एका दिवसासाठी आलो होतो, त्याला आज पंचेचाळीस दिवस झाले. मधल्या गोधडीत माझे चार शर्ट आणि दाढीचे सामान निघाले, तेव्हाच तुझा बेत कळला होता. पण संध्याकाळची एसटी तोवर गेली होती.

तीन रांजणांना गोधड्या पुरल्या. चौथ्याला मी माझा निरोपसमारंभाचा कोट घातला. बटणे लागली नाहीत. हर्षालीने मला काही विचारले नाही, फक्त म्हणाली की दर दोन तासांनी प्रत्येक रांजणाला कान लावून काय ऐकू येते ते वहीत लिहायचे. मी लिहिले. दोन दिवस चारही गप्प होते. तिसऱ्या दिवशी दुपारी पहिल्या रांजणात, भाताला आधण येताना होतो तसा आवाज झाला. मी तिला हाक मारली. दोन वर्षांत पहिल्यांदा मारली, त्यामुळे जरा मोठ्याने निघाली. पुंजासुद्धा धावत आला.

शिंगे उकरली. आत शेण राहिलेले नाही, काळी मऊ माती झाली आहे, वास अजिबात नाही. पिंपात टाकून मी तासभर ढवळले, आधी उजवीकडे, मग डावीकडे, घड्याळ लावून. हा प्रकार मला पटलेला नाही. दुसऱ्या दिवशीही मीच ढवळले, कारण हर्षालीचे घड्याळ पाच मिनिटे पुढे आहे.

परवा वाइन बघितली. पेला उजेडात धरला. रंग स्वच्छ आहे, गढूळपणा नाही. वास आबांच्या धोतराचा. जिभेच्या टोकाला लावली, फक्त टोकाला. आंबट नाही. तीन रांजणांचा मी असा लेखी शेरा दिला आहे. चौथ्याचा शिरका झाला. कोट अपुरा पडला. तुझ्या कोशिंबिरीची वर्षभराची सोय झाली.

काल पाडव्याला सकाळी आठ वाजता जेसीबी आला. त्याला नको म्हणून कळवायचे मी साफ विसरलो होतो. हर्षाली पांगाऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. मी ड्रायव्हरला गुढीचा प्रसाद दिला आणि सांगितले, आलाच आहात तर मळ्यापर्यंतचा रस्ता सपाट करून द्या, उद्या बाटल्या न्यायच्या तर फुटायला नकोत. मग ती जाऊन चहा ठेवू लागली. चहात साखर दोनदा पडली होती, पण मी तपासणी केली नाही.

परवापासून उन्हाळ्याची खरड छाटणी. चंद्र बघून दिवस तिने काढला आहे, कात्री मी धरणार आहे.

आणखी एक. आज तिने मला तिसऱ्या पांगाऱ्याला उभे केले. पुंजाने डोक्यावर पाटी धरली आणि तिने कोयता घेतला. मी टाचा टेकवल्या होत्या, पुंजाला विचार. आबांच्या शेवटच्या खुणेपेक्षा अर्धा इंच कमी भरलो. तिने तिथेच नववी खूण केली.

रस्ता आता चांगला झाला आहे. जीप दारापर्यंत येते. हर्षालीच्या आईला घेऊन तू ये. पुंजा पाटी वाकडी धरतो.

तुझा,
सोमा