रोज फाटणारी बाही

प्रिय सौ.स,

मी खुशाल आहे, खोकला गेला. तुझा गुडघा कसा आहे?

आमच्या संगीत नाटकात शापित गढीचा मालक आणि एक डॉक्टर, दोघंही एकाच मुलीसाठी झुरतात. काय हे प्रेम, म्हणत प्रेक्षक रडतात. त्या ओढाताणीत फाटलेली तिची बाही मी रोज शिवतो.

काल शिवताना ते काम करणाऱ्या नटीला आपलं लग्न रंगवून सांगितलं. तुझं दुसरीकडे ठरलेलं असताना मी तीन महिने तुमच्या दारासमोर उभा राहिलो, शेवटी त्या लोकांनीच माघार घेतली.

ती म्हणाली, "पण काका, काकूंना कोण हवं होतं?"

बावीस वर्षं मी हे चारचौघांत मिरवतोय. तू दर वेळी उठून आत जातेस.

फार लाज वाटते. तेव्हा विचारलं नाही, आज विचारतो. खरं ते लिही.

तुझा म्हणवून घेणारा