कपाटाची दारं

४ एप्रिल

आज कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला! चित्र होत आलेलं — खोलीतलं ऊन, खिडकी, पडदे, सगळं — आणि स्क्रीन एकदम काळी. कपाटात हात घातला तर भट्टी.

न बांधलेल्या घरांची चित्रं करते मी. एकेक चित्र शिजायला कॉम्प्युटर तासन् तास चालू लागतो. आणि नवऱ्याचा हट्ट, की तो कपाटात, दारं लावूनच. "त्या घरघरीनं आईची झोप उडते." यंत्रांतलं त्याला ओ की ठो कळत नाही. सासूबाई दुपारी शेजारच्या खोलीत पडतात. सासरे गेल्यापासून झोपही कमीच त्यांची. म्हणून मीही ऐकलं.

पण महिनाअखेर सगळी चित्रं द्यायचीत. कितीतरी वर्षांनी मिळालेलं काम. हे हातचं गेलं तर पुन्हा कोण विचारणार?

६ एप्रिल

दारं सताड उघडी ठेवून बाजारात गेले. परत येते तो दारं बंद! आत सगळं तापून ठप्प. सासूबाई झोपलेल्या. नवऱ्याची सध्या सकाळची पाळी, दुपारी घरीच; तो पेपर वाचत बसलेला. दारं उघडली, चित्र पुन्हा पहिल्यापासून लावलं.

७ एप्रिल

दारं लावूनही आत तापू नये म्हणून सुतार बोलावला. कपाटाच्या मागच्या फळीला दोन भोकं पाडली, वरच्यात पंखा. पठ्ठ्यानं तो आत हवा फेकणारा बसवला! म्हटलं, "अहो, गरम हवा वर चढते. तिला बाहेर ओढायचं."

"वहिनी, आत गार वारा नको का?"

"तो खालच्या भोकातून आपसूक येतो."

डोकं खाजवत त्यानं पंखा फिरवला. "पाहुण्यांचंही असंच. आधीचे हलल्याशिवाय नवे मावत नाहीत."

खूप दिवसांनी खळखळून हसले.

८ एप्रिल

चालतोय! बोलू नये, दृष्ट लागेल.

११ एप्रिल

खालच्या भोकात जुना टॉवेल कोंबलेला! घट्ट, कोपरे आत दाबून. दिवसभराचं काम पाण्यात.

राहवलं नाही. "आई, त्रास होतो तर मला सांगायचं ना! असे बोळे काय कोंबता?"

त्या बघतच राहिल्या. "मला मेलीला दाराची बेल ऐकू येत नाही, तुझं मशीन कुठलं ऐकू यायला? आणि वाकायला माझे गुडघे आहेत का जागेवर?" वर आणखी, "ओरडायचंच होतं तर मोठ्यानं तरी ओरडायचं. निम्मं गेलं माझं."

लाजेनं मेल्यासारखं झालं. घरात आम्ही तिघंच.

१२ एप्रिल

विचारलं नाही त्याला. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत. कशाला हात लागेना. आवाज खपत नाही तर तसं सांगावं — आईच्या नावावर का? की माझं कामच खुपतंय? हा विचार एकदा आला, तो जाईचना.

१३ एप्रिल

सकाळी चहा गाळताना विचारलं. त्यानं मान वर केली नाही.

"आवाजाचं काही नाही गं. बाबांचं ऑक्सिजनचं मशीन असंच घरघरायचं. मी शेजारी बसून असायचो. तुझा चालू असतो तोवर बरं वाटतं. मधेच थांबतो ना... ते कानावर येऊ नये म्हणून लावतो दारं. तो टॉवेलही म्हणूनच."

दारं लावली म्हणूनच थांबतो, हे सांगायला जीभ रेटली नाही.