तुझ्या चित्रावरचं कुलूप

वरणगाव
६ मे, मंगळवार, दुपार

लाडक्या प्रज्ञास,

जय भीम आणि खूप खूप पापे. आम्ही दोघं बरे आहोत, कूलर मात्र बरा नाही. त्याचा आवाज एवढा वाढलाय की पप्पा म्हणतात, गच्चीवर हेलिकॉप्टर उतरलं.

डब्यात ज्वारीच्या बिबड्या आहेत, तुला आवडतात तशा जरा जाड पापड. त्यांच्या खाली हा कागद. रोज फोन होतो तर पत्र कशाला, असं म्हणशील. पण फोनवर तू "मम्मी, मीटिंग आहे" म्हणतेस आणि माझं बोलणं तोंडातच राहतं. शिवाय शाळेला सुट्टी, बाहेर ऊन असं की कुत्रंही मोरीत येऊन बसतं. दुपार सरकत नाही. बसते, उठते, खिडकी लावते, पुन्हा उघडते.

आधी पप्पांच्या बातम्या. आयपीएल चालू आहे, म्हणजे आमच्या घरात संध्याकाळी स्वयंपाकघर सोडून माझी सत्ता कुठेच नाही. सामना सुरू झाला की रिमोट त्यांच्या मांडीखाली जातो. परवा आवाज कमी करायला मागितला तर म्हणाले, "ओव्हर संपू दे." ओव्हर संपली, दुसरी सुरू झाली. शेजारचे जीवरामकाका रोज येतात. कोणी नवीन माणूस सोबत असला की पप्पा विषय काढणारच: "हा टीव्ही आमच्या प्रज्ञाच्या पहिल्या पगाराचा." त्या दिवशी पप्पांचा संघ वाईट हरला, तर काका म्हणाले, "समाधानभाऊ, जाऊ द्या, संघ हरला तरी टीव्ही जिंकला म्हणायचं." पप्पा हसले, पण चहा घेतला नाही.

आता माझी बातमी. तुझी ती कोरियन मालिका मी बघते आहे, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मुलीची. हसू नकोस. हिंदीत आहे, सगळं कळतं. तो वकील मला पटत नाही. लिफ्टची भीती वाटते म्हणून एवढे मजले जिने चढतो आणि वर जाऊन घाम पुसत प्रेमाचं बोलतो. पप्पांनी जाता जाता पाहिलं, म्हणाले, "याले मे महिन्यात वरणगावले आणा. एक मजला चढून दाखवू दे."

त्यातली आई आवडते मला. मुलगी अचानक घरी येऊन गच्चीवर बसते, तो भाग. आई कशी आलीस, का आलीस, काही विचारत नाही. नुसती फळं सोलून तिच्या पुढ्यात ठेवत राहते. त्या भागात दुसरं काहीच घडत नाही. मी विचार केला, प्रज्ञा हाच भाग परत परत का लावते?

घ्या, लिहून गेले. आता सांगतेच.

मालिका बघायची ती तुझ्या मागोमाग, असं मी ठरवलं होतं. म्हणजे फोनवर बोलायला काहीतरी राहील. मग मी आधी टीव्हीवर तुझ्या प्रोफाइलमध्ये जायची, तू किती पाहिलंस ते दाखवणारी लाल रेघ कुठवर आली ते बघायची, आणि माझ्या प्रोफाइलवर येऊन तेवढंच बघायची. एवढाच उद्योग. पण सकाळी बघावं तर रेघ आरंभाला असायची आणि जेवून, भांडी घासून बघावं तर शेवटाला. सुट्टी असेल, म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोजच, आणि मध्येमध्ये तो गच्चीचा भाग पुन्हा पहिल्यापासून. तू मीटिंगमध्ये आहेस म्हणून फोन ठेवायचीस आणि इकडे तुझी रेघ पुढे सरकायची.

मग मी घोटाळा केला. एके दिवशी तुझ्या प्रोफाइलमध्येच बसले आणि कूलरच्या वाऱ्यात डोळा लागला. मालिका आपली आपणच पुढे पळत राहिली. तुझा फोन आला, "मम्मी, माझ्या प्रोफाइलवर कोण बघतंय?" आणि मी, शाळेत मुलांना खरं बोला म्हणून शिकवणारी बाई, म्हणाले, "धुळ्याची आत्या असेल." तू सुलक्षणाआत्याला विचारलंस आणि तिने मला झापलं: "मन्हं नाव कसाले लिधं व? मी तं फक्त खून-दरोडा पाहस!" आत्याला मी सॉरी म्हटलं आहे. तुला आज म्हणते.

त्याच संध्याकाळी तुझ्या प्रोफाइलच्या त्या निळ्या केसांच्या मुलीच्या चित्रावर छोटंसं कुलूप आलं, आकडे टाकल्याशिवाय न उघडणारं.

तुझं आहे, तू लाव. मुलीने आपल्या खोलीला कडी घातली तर आईने दार ढकलून बघू नये, एवढं मला कळतं. पण ती रेघ हलली की वाटायचं, उठली माझी पोर, काहीतरी खाल्लं असेल, पलंगावर पाय लांब करून बघत बसली असेल. आता काहीच दिसत नाही. मी घरभर फिरते. भरलेल्या कूलरपाशी पुन्हा बादली घेऊन जाते.

पप्पांना यातलं काही सांगितलं नव्हतं. परवा सामन्याच्या आधी त्यांनी टीव्ही लावला आणि ते कुलूप बघत बसले. मग तुझी जन्मतारीख टाकली. उघडलं नाही. भीमजयंतीची तारीख टाकली. तरी नाही. मी म्हणाले, "अहो, क्रिकेट तुमच्या चित्रात आहे."

"माहीत हाये मले." रिमोट हातातच. मग म्हणाले, "पोरगी दुपारी पाहू राहिली होती ना?"

मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"तू भाकरी टाकायले उठली की मी तिची रेघ पाहत जाऊ."

बघ, एका घरात, एका टीव्हीसमोर, आम्ही दोघं एकमेकांपासून लपवत होतो. त्या दिवशी जीवरामकाका पाहुण्यांना घेऊन आले, आणि पप्पा टीव्हीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

प्रज्ञा, नोकरी गेली का गं? की तू सोडलीस? की तब्येतीचं काही आहे? जयंतीला तू आली नाहीस तेव्हाच मी समजायला हवं होतं. दरवर्षी मिरवणुकीत सगळ्यांत पुढे नाचणारी पोर, आणि म्हणे कामाचा लोड आहे. टीव्हीमुळे तुला सांगता येत नसेल, असं माझ्या मनात येतं. पप्पा सगळ्यांना सांगत फिरतात म्हणून. मी हे त्यांना बोलून दाखवलं. ते उठून अंगणात गेले, परत आले, आणि म्हणाले, "कुलूप काढ असं लिहू नको तिले. कुलूप घेऊनच ये म्हण."

सोमवारी बुद्ध पौर्णिमा आहे. खीर करणार आहे. त्या कोरियन आईसारखं गप्प बसणं मला जमणार नाही, हे तुला माहीत आहे. मी बोलेन. उन्हाबद्दल, कूलरबद्दल, त्या वकिलाच्या घामाबद्दल. पण ते एक विचारणार नाही. वर विचारलंय, त्याचं उत्तर देऊ नकोस. नुसती ये. टरबूज आणून ठेवलंय, बिया काढून कापीन. दाताखाली बी आली की तू अख्खी फोड टाकून देतेस.

पप्पा डबा ट्रॅव्हल्सच्या गाडीत ठेवायला भुसावळला निघालेत, दारात चप्पल वाजवताहेत. थांबते.

वाट बघणारी,
तुझी मम्मी

प्रज्ञा, मम्मीने वाचायला दिलं. तू आलीस की मॅच चालू असली तरी रिमोट तुझा.
पप्पा