डाव्या इंजिनाचा आकडा

ता. ६

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद वि. वि.

आधी आला तो टकलू साहेब, मागून फाइलवाली बाई. जिना चढून दोघं घामाघूम. विमानांच्या चौकशी कचेरीतून आलो म्हणाले. नात घरी कामाचं काही बोलते का, असं विचारलं, मग काय, मला तोंडच फुटलं. म्हटलं, मी चौथी नापास, पण इंजिनाचं मला विचारा. त्याच्या अंगावर थरथर मोजणारी बारकी यंत्रं असतात, ती वैमानिकापुढे आकडा धाडतात. आकडा चढला की इंजिनाचा जोर कमी करायचा. आकडा उतरला तर इंजिनच आजारी. ढिम्म राहिला तर बहुतेक मोजणारं यंत्र खोटं बोलतंय. आजी, कुणी शिकवलं, म्हणाला. मी तुझं पत्रच काढून दिलं. बाईने दोनदा वाचलं, फोटो घेतला. एवढं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं गं. चहाला मात्र दोघं नको म्हणाली.

लोभ आहे, तो वाढता ठेव.
आजी

ता. ११

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

त्याच पत्रात मी लिहिलं होतं, की डाव्या इंजिनाचा आकडा चढला आणि जोर कमी केल्यावर उतरला. विमान उतरवल्यावर हे वहीत नोंदवायचं असतं. मी नोंदवलं नाही. मागच्या महिन्यात नोंदवलं तेव्हा मोजणारं यंत्रच बिघडलेलं निघालं, विमान दिवसभर अडकलं आणि सगळे मला घाबरट म्हणून हसले.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या वैमानिकाच्या हाती त्याच इंजिनाचं पातं तुटलं. तुकडा खिडकीतून आत आला. एक बाई गेली. त्या दिवशीचा चढलेला आकडा विमानातल्या यंत्रात साठलेला असतोच, तो चौकशीवाल्यांना सापडला. चौकशीत मी म्हटलं होतं, माझं लक्ष गेलं नाही. पत्र सांगतं, गेलं होतं.

तुझ्यावर राग नाही. परवाना जाईल, जाऊ दे. पण ती बाई डोळ्यांपुढून हलत नाही. अन्न गोड लागत नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
भिंगरी

ता. १५

चि. भिंगरीस आशीर्वाद वि. वि.

अक्षर अक्षर लावून वाचलं. चुकीचं लागलं असेल म्हणून परत वाचलं. हसले असते तर हसले असते गं. मला काय लोक कमी हसलेत?

तुझं ते पत्र जाळायला काडी ओढली होती. मग मनात आलं, त्या बाईच्या घरीही कुणी दाराकडे बघत बसलं असेल. विझवली. आता ट्रंकेत ठेवलंय, आणि ट्रंकेकडे बघवत नाही. मीच हौसेने दाखवलं, माझ्याच हाताने.

तू कशीही असलीस तरी माझीच आहेस, लोभ उणा नाही. जेव बाई.
आजी

ता. क. साहेबाचा निरोप आलाय, मूळ पत्र न्यायला दोघं गुरुवारी सकाळी येतो म्हणालेत.