घरच्यांची बैठक रविवारी असते

जालना, रविवार दुपार

प्रिय गंधाली,

फोनवर आपण रोज बोलतोच, मग हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. तीनदा तुला फोनवरच सांगायला घेतलं आणि तिन्ही वेळा तुझ्या मुकुलच्या परीक्षेबद्दल बोलत बसले. कुठून सुरुवात करावी ते अजूनही कळत नाही, म्हणून घडलं तसंच लिहिते.

गेल्या महालक्ष्म्यांना तू पुरणाचं पातेलं काढायला माळ्यावर चढलीस आणि जुन्या गाद्यांमागे तुला त्या बाटल्या सापडल्या. तू काही विचारायच्या आत बाबा म्हणाले, "माझ्या आहेत." दुसऱ्याच दिवशी तू पुण्याला परत गेलीस. अकरा महिने झाले, त्यांच्याशी एक शब्द बोलली नाहीस. नंतर मला मात्र एक नंबर पाठवलास, दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीचा. खाली लिहिलं होतंस, "बाबांना घेऊन जा." तो नंबर मी लावला तो थेट गेल्या महिन्यात. इतका उशीर का झाला, तेही सांगते.

राजानंद नावाच्या गृहस्थांनी फोन उचलला. नवीन जालन्यात स्टेशनच्या अलीकडे शाळा आहे, शनिवारी साडेपाचला या, म्हणाले. "बिलकुल घाबरू नका." शाळा सापडली, पण शिपायाला काय विचारायचं ते सुचेना. मी नुसतंच म्हणाले, "बैठक कुठंय?" त्यानं एका वर्गाकडे बोट दाखवलं. आत मी वीस मिनिटं बसले, चहा घेतला, हजेरीच्या कागदावर सहीसुद्धा केली, आणि मग कळलं की ती विमा एजंटांची बैठक आहे. आपण चुकीच्या खोलीत आहोत हे कळल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी योग्य खोली शोधलीच नाही. रिक्षा करून सरळ घरी आले. बाबांनी विचारलं, "झाली का?" मी हो म्हणाले.

पुढच्या शनिवारी बरोबर खोलीत गेले. पहिलीचा वर्ग, बुटके बाक, आणि त्यांवर कसेबसे बसलेले अकरा पुरुष. बाई मी एकटीच. राजानंद साठीचे असतील. लगेच उठले. "ताई, मालक मागून येऊन राह्यलेत का? घरच्यांची बैठक रविवारी असते. पण आल्यात तर बसा." मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मलाच कळलं नाही.

केदारखेड्याचे अप्पाराव नावाचे शेतकरी बोलायला उभे राहिले. म्हणाले, "सकाळी हात थरथरायचा, वस्तरा धरवत न्हवता. मंग दाढीच सोडली. गावाला वाटलं, नवस बोलला. मीबी हो म्हन्लं." सगळे हसले. मी माझे हात पदराखाली घेतले. आमच्या बियाणे कंपनीत उगवण तपासायला चिमट्यानं एकेक बी ओल्या कागदावर मांडावं लागतं, तुला माहीत आहे. वर्षभर ते काम माझ्याऐवजी सोबतची दैवशाला करते. चष्म्याचा नंबर वाढलाय, असं मी तिला सांगितलंय. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले, "माझे मिस्टर" एवढंच बोलले आणि खाली बसले. त्यांना वाटलं, बिचारीला रडू आलं. कुणीतरी पाणी दिलं. ते पाणी पिताना मला कुणाची लाज वाटत होती, ते अजून नीट सांगता येत नाही.

काल रिक्षा मिळेना, म्हणून बाबांनी स्कूटरवर सोडलं. मी वर्गाच्या दारात चपला काढत होते, ते फाटकापाशी थांबले होते. राजानंद त्यांच्याकडे गेले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, आत या. लाजायचं काम न्हाई. ताई एकट्याच येऊन राह्यल्या." आणि तुझे बाबा, ज्यांनी आयुष्यात सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नाही, ते मान खाली घालून म्हणाले, "येईन पुढच्या वेळी."

तेव्हा मी तशीच अनवाणी फाटकापर्यंत गेले आणि म्हणाले, "ते पीत नाहीत. मी पिते." व्हरांड्यातल्या सगळ्यांनी ऐकलं. राजानंदांनी बाबांच्या खांद्यावरचा हात काढून घेतला आणि ते म्हणाले, "मंग चला ताई, सुरू करू." गंधाली, त्या बाटल्या माझ्या होत्या. मी शिडी धरून उभी होते, बाबांनी एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दोष अंगावर घेतला. मी घेऊ दिला. "सांगू या का तिला?" असं त्यांनी नंतर एकदाच विचारलं. मी रडले, मग त्यांनी पुन्हा विचारलं नाही. कधी आणि का सुरू झालं ते मलाच उलगडत नाही. तुझ्यामुळे नाही, त्यांच्यामुळे नाही, एवढं नक्की. परवा घेतली होती, काल घेतली नाही, आज अजून घेतलेली नाही. याहून जास्त काही कबूल करायची हिंमत नाही. माझ्यावर चीड, हवे तितके दिवस चीड. पण हे पत्र त्यासाठी नाही. माझ्या फोनवर तुझं नाव दिसलं की बाबा तो न उचलता मला आणून देतात. म्हणून या वेळी फोन त्यांच्या नंबरवर कर.

तुझीच,
आई