वरच्या खोलीचं कुलूप

१७ नोव्हेंबर, मंगळवार सकाळ

लाडके चिमे,

तुझं पत्र पोचलं. गुडघा बरा आहे म्हणतेस, पण तेल रोज चोळतेस की नुसती बाटलीकडे बघतेस? मी ठीक आहे. अक्षर तेवढं वेडंवाकडं येतंय. शाळेतल्या सिस्टरनी पाहिलं असतं तर सगळं पान पुन्हा लिहायला लावलं असतं.

मागची खोली भाड्याने द्यायची तर काय काळजी घ्यावी, असं तू विचारलंस. 'तू आता यात मुरलेली' असंही लिहिलंस. वाचून हसावं की काय करावं, कळेना.

तर ऐक. करार लेखी कर आणि त्याची नोंदणी कर. तोंडच्या शब्दावर जाऊ नकोस, माणूस कितीही गोड बोलो. ओळखपत्र आणि फोटो घे, पोलिसांत माहिती दे. आधीच्या घरमालकाला स्वतः फोन कर. माणसं राहायला यायच्या आत विजेच्या तारा, गॅसची नळी, जिन्याचा कठडा बघून घे. काही झालं तर त्यांचा जीव जातो आणि आपली झोप.

आणि खोली एकदा दिली की ती आपली नाही, हे मनाला बजाव. विचारल्याशिवाय आत जायचं नाही. शाळेत आपण दारात उभ्या राहून "आत येऊ?" म्हणायचो, आठवतं? एकदा तू उत्तराची वाट बघत कितीतरी वेळ उभी होतीस आणि वर्ग रिकामा होता!

वर आता एक नर्स राहते, तुला लिहिलं होतंच. एकटी मुलगी, दिवसभर दवाखान्यात. तिच्या वेळी मी यातलं काही म्हणजे काही सोडलं नाही. वकील म्हणालेसुद्धा, "बाई, खोली देताय की सून करून घेताय?"

एकच गोष्ट राहिली. आधीचा भाडेकरू गेला की कुलूप बदलायचं. तो कोणीही असो. मी बदललं नाही.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी ती खाली आली. "काकू, दुपारी वर आला होतात का?"

"नाही गं. का?"

"साबण ओला आहे."

मी म्हटलं, नळ गळत असेल. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली. या वेळी मला हाताला धरून वर घेऊन गेली. चादर नीट घातलेली होती, पण उशीवर डोकं टेकल्याचा खळगा. आपल्या उशीवर दुसऱ्याच्या डोक्याचा खळगा, चिमे. तिने उशी उचलली नाही, चिमटीत धरून बाजूला केली. खाली गादीवर काहीतरी पडलं होतं, ते मी तिच्याआधी उचललं. बसच्या तिकिटाची घट्ट वळलेली पुंगळी.

तुझ्या लक्षात आलंच असेल, या पत्रात मी अजून तुझ्या लेकाची, सोन्याची, चौकशी केलेली नाही.

कागद हाती आला की तो पुंगळ्या वळायचा. लहानपणी सुट्टीत माझ्याकडे असायचा, तेव्हा धुण्याआधी मी त्याच्या खिशातून त्या काढायचे. वरच्या खोलीत दोन वर्षं राहिला. त्याच्याशी कसला करार नि कसला फोटो, मी मावशी ना! जाताना म्हणाला, "किल्ली हरवली गं," आणि दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. मला हसू आलं. ती मुलगी सामान घेऊन आली त्या दिवशी तोच धावून आला, तिची ट्रंक वर नेली. मग माझ्याशी चहा पिताना विचारलं, "हिची ड्यूटी किती वाजता सुटते?" मी सांगितलं.

पुंगळी मी मुठीत दाबली आणि तिला म्हटलं, "कचरा आहे, वाऱ्याने आला असेल." मनाची समजूत घातली, नोकरी गेलीय त्याची, दुपारी कुठे जाईल, घटकाभर पडत असेल. कुंपणच शेत खातंय, हे कळत होतं. पण कुंपण आपल्याच हाताने घातलेलं.

परवा रविवारी ती म्हणाली, "काकू, दाराची आतली कडी हलते." मी बघायला गेले. स्क्रू जागच्या जागी दिसत होते. एकाला बोट लावलं तर तो हातात आला. मग दुसरा. कोणीतरी ते काढून, भोकं मोठी करून, पुन्हा नुसते टेकवून ठेवले होते.

चिमे, ती कडी आतून लागते, मुलगी घरात असतानाच. ती नसताना येऊन पडणाऱ्याला त्या कडीशी काय करायचं होतं?

मी जिन्यात बसले.

काल दुपारी कुलूपवाल्याला बोलावलं, कुलूप बदललं, कडी नवी बसवली. कोणाला बोलले नाही. संध्याकाळी फोन वाजला. तोच लाडाचा आवाज. "मावशी, वरचं कुलूप का गं बदललंस?"

मी म्हटलं, "गंजलं होतं."

तो हसला. "मग नवी किल्ली देऊन ठेव हं मला. तू एकटी असतेस, काही झालं म्हणजे?"

फोन ठेवला आणि त्या मुलीला सगळं सांगितलं. मुठीतल्या पुंगळीचंही. ती ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "काकू, माझी एवढी चौकशी केलीत. मग मला का नाही सांगितलंत?" रात्री माझ्याच खोलीत झोपली, पण तोंड भिंतीकडे करून.

आता ती चपला घालून दारात उभी आहे. आम्ही पोलीस चौकीत चाललो आहोत. त्याचं पूर्ण नाव सांगेन, तुझा पत्ता विचारला तर तोही देईन. फोन न करता पत्र लिहितेय ते मुद्दाम. फोनवर तू रडली असतीस, मी विरघळले असते, आणि तू त्याला सावध केलं असतंस. तुझ्या जागी मीही केलं असतं. पत्र तुला मिळेपर्यंत काय ते होऊन गेलं असेल.

तो तुझ्याकडे आला तर दार उघड, तू आई आहेस. जेवू घाल. पण ओरडू नकोस, आणि त्याच्याबरोबर एकटी राहू नकोस. हे मला तुझ्या मुलाबद्दल लिहावं लागतंय.

माझ्याकडे आला तर मी दार उघडणार नाही.

तू मानशील तोवर तुझीच,
ताई